दहावीच्या वर्गमित्राची स्मृतिसभा ठाण्यात घ्यायची आहे: सभा, फोटो, मदतनिधी, शाळेतलं बक्षीस

कोपरीकर
नमस्कार मंडळी. १९९४ च्या आमच्या दहावीच्या वर्गातला एक मित्र तीन आठवड्यांपूर्वी गेला. शाळा ठाण्यातली, मराठी माध्यमाची. घरी आई, पत्नी आणि बारावीतली मुलगी. तो खासगी कंपनीत नोकरीला होता. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ६१ जण आहेत. निम्मे ठाणे-कळवा-डोंबिवलीकडचे, पंधराएक वाशी-नेरूळ-पनवेलचे, आठ परदेशात.

ग्रुपवर तीन तट पडलेत. एक म्हणतो सभा घ्या, दुसरा म्हणतो सभेचा खर्च वाचवून घरी पैसे द्या, तिसरा म्हणतो शाळेत त्याच्या नावाने बक्षीस ठेवा. काम चौघांच्या गळ्यात पडलंय, त्यातला एक मी. सभा कधी, कुठे, किती वेळाची ठेवावी? फोटो मोठा करून लावायचाय, पण आमच्याकडे फक्त दहावीचा ग्रुप फोटो आहे. पैसे कुणाच्या खात्यात जमवायचे? बक्षिसासाठी शाळेला किती रक्कम द्यावी लागते? सांत्वनाचे मेसेज भरपूर आलेत, इथे कामाचं सांगा.

ऐरोलीकर
आधी घर, मग ग्रुप, मग हॉल. हा क्रम चुकला की पुढचं सगळं निस्तरत बसावं लागतं.

चौघांपैकी जो त्याच्या घरी आधीपासून जात-येत होता, त्यानेच वहिनींना भेटावं. तीन गोष्टी विचाराव्यात: सभा घेतलेली चालेल का, त्या आणि काकू येणार का, आणि कशाबद्दल बोललेलं नको आहे. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि गाडी तिथेच घसरते. आजारपण, कर्ज, नोकरीतली कटकट, यातलं बाहेर किती ठाऊक आहे ते घरच्यांनाच माहीत असतं. मृत्यूचं कारण ग्रुपवर उगाळायचं नाही. कुणी विचारलंच तर अ‍ॅडमिनने त्याला वेगळा फोन करावा.

त्याचा नंबर अजून ग्रुपवर असेल तर लगेच काढू नका, पण एक लक्षात ठेवा: तो फोन आता वहिनींच्या किंवा मुलीच्या हातात आहे. म्हणजे ग्रुपवरचा प्रत्येक शब्द घरात वाचला जातोय. 'हजार द्यायचे की पाचशे' ही घासाघीस तिथे नको. चौघांचा वेगळा ग्रुप करा आणि मोठ्या ग्रुपवर 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग निदान सभेपर्यंत ठेवा. नाहीतर निधनाच्या मेसेजखाली दहाव्या मिनिटाला 'शुभ सकाळ'चं फूल येतंच.

तारीख. तेरावा होऊन गेलाय, सुतकाचा प्रश्न नाही. मासिक श्राद्धाचा दिवस घरच्यांना विचारून टाळा. वार रविवारच धरावा लागेल, आणि रविवार म्हटला की मेगाब्लॉक, म्हणजे रेल्वेच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद. मध्य आणि हार्बर मार्गावर ब्लॉक साधारण अकरा ते चार असतो, त्यामुळे सकाळी अकराची सभा म्हणजे निम्मी माणसं रखडणार. संध्याकाळी सहाची ठेवा. पनवेल-नेरूळ-वाशीच्या मंडळींना ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला थेट येता येतं, पण तिथेही अधूनमधून ब्लॉक असतो. शुक्रवार-शनिवारी रेल्वेची सूचना येते, ती बघून शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर एक ओळ टाका.

सहाचा आणखी एक फायदा परदेशातल्या आठ जणांना. लंडनला तेव्हा दुपारचे साडेबारा किंवा दीड, न्यूयॉर्कला सकाळचे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात, हिवाळा-उन्हाळ्याप्रमाणे. कॅलिफोर्नियात मात्र पहाट असते. तिकडच्यांनी दोन मिनिटांचं बोलणं आदल्या दिवशी रेकॉर्ड करून पाठवावं. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी बंद पडतं, गूगल मीटचं तासाने. ऐन कुणीतरी गहिवरून बोलत असताना पडदा काळा होतो. कुणाच्या तरी ऑफिसचं नव्हे, स्वतःचं सशुल्क खातं असेल तर ते वापरा, नाहीतर दोन लिंक आधीच देऊन ठेवा.

हॉल स्टेशनपासून चालत जाता येईल असा बघा. नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोड या भागात संस्थांचे छोटे हॉल मिळतात. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहाचा विचार कुणी सुचवेल, तो सोडून द्या. हजाराच्या आसपास खुर्च्या आणि समोर पन्नास माणसं, हे बघवत नाही. तुम्हाला तळमजला हवा किंवा लिफ्ट हवी, कारण तुमचे शिक्षक आता पंचाहत्तरीच्या पुढे असतील आणि काकूही. ४० खुर्च्या मांडा, २० भिंतीला रचून ठेवा. माणसं वाढली तर खुर्च्या काढता येतात. रिकाम्या रांगा मात्र घरच्यांच्या डोळ्यांत भरतात.

हॉलचं बुकिंग तीन तासांचं, कार्यक्रम सव्वा तासाचा. उरलेला वेळ मांडामांड आणि नंतर उभ्याउभ्या बोलण्याला लागतो. खरी सभा ती दुसरीच असते.

वाशी_ठाणे_लोकल
कार्यक्रमाच्या आखणीबद्दल थोडं.

अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ काही नको. सूत्रसंचालन करणारा कमी बोलणारा निवडा. सात जणांनी तीन-तीन मिनिटं, इतकंच आधी ठरवा आणि नावं लिहून काढा. शिक्षकांना पहिल्यांदा बोलू द्या, त्यांना लवकर निघायचं असतं. 'आणखी कुणाला दोन शब्द...' असं मोघम आवाहन करू नका. तेव्हाच तो एक जण उठतो आणि वीस मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. घरच्यांना माइक देऊ नका. त्यांना बोलायचं असेल तर तसं आधी कळवतील.

शाळेतलं टोपणनाव आणि फिशपॉन्ड यांची चौकशी आधी करा. चाळीस मुलांनी पाच वर्षं जे नाव चिडवायला वापरलं ते मुलीच्या कानावर पहिल्यांदा शोकसभेत पडावं का, हे तिच्या आईने ठरवायचं. कित्येकदा त्यांना ते आवडतं. पण विचारून.

स्तब्धता शेवटी ठेवा, एक मिनिट. सुरुवातीला ठेवली की उशिरा येणाऱ्यांच्या चपलांचा आवाज आणि दाराची कुरकुर. घड्याळ लावूनच ठेवा, अंदाजाने तीस सेकंदांत उरकतं. समई लावणार असाल तर पंख्याखाली विझते आणि मग ती पुन्हा पेटवायची धांदल उडते. काचेच्या चिमणीतलं निरांजन ठेवा. हारासाठी जांभळी नाक्यावर सकाळीच सांगून ठेवा. फ्रेमचं माप सेंटीमीटरमध्ये सांगू नका, कागदावर फ्रेमची बाह्यरेषा आखून न्या. मोठा हार घातला की चेहऱ्यावर येतो आणि मग टाचण्या लावत बसतात.

चहा आणि बिस्किटं पुरे.

मधली_सुट्टी
सभेला वीस हजार घालवण्यापेक्षा ते मुलीच्या फीला द्या, या मताचा मी. हॉल, हार, फ्लेक्स यांनी मेलेल्याचं काही होत नाही आणि जित्यांचंही.

फ्लेक्सबद्दल तर स्पष्ट सांगतो. चौकात बोर्ड लावायला महापालिकेची परवानगी लागते. विनापरवाना लावला तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. मित्राच्या फोटोचा फ्लेक्स चार दिवसांनी पालिकेच्या गाडीत गुंडाळून पडलेला दिसतो, तो प्रसंग आणू नका.

प्रूफवाचक
वीस हजार लागत नाहीत, पण तो मुद्दा जमाखर्चवाले सांगतील. मी फोटो आणि छापील मजकूर यांपुरतं लिहितो.

कोपरीकर, दहावीच्या ग्रुप फोटोतून १२ बाय १८ इंची फोटो होणार नाही. का ते बघा. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या त्या फोटोत एकेक चेहरा साधारण ८ मिलिमीटर उंचीचा असतो. १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला तरी त्या चेहऱ्याला पावणेचारशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. चांगल्या छपाईत ते सव्वा इंच होतात, ताणूनताणून अडीच इंच. त्यापुढे नाक-डोळे विरघळतात. मोबाइलमधली 'एआय'ने फोटो सुधारणारी अ‍ॅप वापरायचा मोह होईल. ती चेहरा स्पष्ट करत नाहीत, नवा बनवतात. काकू म्हणतील, हा माझा मुलगा नाही.

म्हणून हाराचा फोटो अलीकडचा घ्या, घरच्यांनी निवडलेला. व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी उतरवून घेऊ नका, तो ६४० बाय ६४० पिक्सेलचाच असतो. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, फोटो म्हणून पाठवली की ती आकसते. १२ बाय १८ साठी निदान १८०० बाय २७०० पिक्सेल हवेत. फ्रेमला काचेऐवजी नॉन-ग्लेअर अ‍ॅक्रिलिक घाला, ट्यूबलाइटची पांढरी पट्टी चेहऱ्यावर येत नाही.

ग्रुप फोटो वाया जात नाही, त्याचं काम वेगळं. तो आख्खाच स्कॅन करा. पुठ्ठ्यावरून सोडवायचा प्रयत्न करू नका, फाटतो. ए-फोरच्या स्कॅनरवर मावत नसेल तर दोन भागांत करा, मधे तीन बोटं तरी एकमेकांवर येऊ द्या म्हणजे जोडता येतो. त्या काळचे बरेच फोटो खरबरीत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोताच्या कागदावर आहेत आणि स्कॅनमध्ये तो पोत चकाकतो. उपाय: एकदा सरळ आणि एकदा फोटोची वरची बाजू खाली येईल असा फिरवून, असं दोनदा स्कॅन करायचं. मग दुसरा स्कॅन सरळ करून पहिल्यावर बरोबर बसवायचा आणि ५० टक्के पारदर्शक करायचा. चकाकीची जागा दोन्हींत वेगळी असल्यामुळे ती बरीच उतरते. फोनने काढणार असाल तर खिडकीजवळ, ऊन थेट न येता, फ्लॅश बंद.

आता पुस्तिका. माझ्या मते सभेपेक्षा याचं मोल जास्त आहे. मुलीकडे वडिलांचे लग्नानंतरचे फोटो ढिगाने असतील. तेरा-चौदा वर्षांचे वडील तिच्याकडे नाहीत, ते तुमच्या ६१ जणांकडे आहेत. निरोप समारंभाच्या ऑटोग्राफ वहीत त्याच्या अक्षरातली ओळ कुणाकडे तरी असेल. सहलीच्या फोटोत कोपऱ्यात तो उभा असेल. ते गोळा करा.

पण 'आठवणी पाठवा' असा मेसेज टाकला तर 'खूप चांगला मित्र होता, नेहमी हसतमुख' अशी साठ पत्रं येतील. सगळी एकाच माणसाने लिहिल्यासारखी. बारीक प्रश्न विचारा: तो कुठल्या बाकावर, कुणाच्या शेजारी बसायचा? डब्यात काय असायचं? कुठल्या सरांची नक्कल करायचा? शाळेत कसा यायचा, चालत की टीएमटीच्या बसने? कोणत्या विषयात हमखास मार खायचा? तुमचं त्याच्याशी शेवटचं बोलणं कशावर झालं? ज्यांना लिहायचा कंटाळा, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून घ्या आणि कुणीतरी उतरवून काढा. मूळ आवाज टाकून देऊ नका, तेही पेन ड्राइव्हवर द्या.

वर्गातली नावं आठवत नसतील तर हजेरी म्हणून बघा. 'एक, दोन' न म्हणता आडनावांनी, त्या क्रमाने. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला पुढचं सुचतं, आणि मुलींची माहेरची आडनावंही त्यातच सापडतात. फेसबुकवर त्या सासरच्या नावाने असतात म्हणून शोधूनही मिळत नाहीत.

छपाई: ए-फाइव्ह आकार, मधे पिना मारलेली पुस्तिका. पानांची संख्या चारच्या पटीतच येते, १६, २० किंवा २४. २२ पानांचा मजकूर झाला तर दोन कोरी राहतात, ती शेवटी न ठेवता फोटोंना वापरा. एका पानावर १२ पॉइंटात सव्वादोनशे शब्दांच्या आसपास मावतात, म्हणून प्रत्येकाला दीडशे शब्दांची मर्यादा. ८० प्रती काढणार असाल तर डिजिटल छपाईच घ्या, ऑफसेट एवढ्या थोड्या प्रतींना परवडत नाही.

आणि सगळ्यात घातक जागा: मजकूर वर्ड फाइलमध्ये देऊ नका. प्रेसवाला तो युनिकोडमधून जुन्या श्री-लिपी फॉन्टमध्ये फिरवतो तेव्हा रफार उडतात, जोडाक्षरं तुटतात, 'र्‍हस्व' आणि 'दुसर्‍या'चं काहीतरी भलतंच होतं. पीडीएफ द्या, आणि एक प्रत छापून, कागदावर, मोठ्याने वाचून मगच पुढे जा. वाचणारा ज्याने टाइप केलंय तो नको.

'श्रध्दांजली' नाही, 'श्रद्धांजली'. द ला ध जोडलाय, ध ला द नव्हे. ठाण्यातल्या निम्म्या बोर्डांवर हे चुकलेलं असतं.

नावाआधी 'कै.' लावायचं की 'स्व.' हेही घरी विचारून. बौद्ध कुटुंब असेल तर 'कालकथित' म्हणतात. ख्रिस्ती किंवा मुस्लिम मित्राच्या नावाआधी 'कै.' लावणं म्हणजे त्याला कैलासवासी करून टाकणं. नुसतं नाव आणि खाली दोन सालं, हे कुठेच चुकत नाही.

जमाखर्च
पैशांचं.

सभेचा खर्च आणि घरच्यांसाठीची मदत, हे दोन हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळे. सभेचा खर्च चौघांनी किंवा ठाण्यातल्यांनी वाटून घ्या, म्हणजे मधली_सुट्टी यांचा आक्षेपही मिटतो. मदतीचा रुपयाही हाराला जाता कामा नये.

मदत कुणा मित्राच्या खात्यात जमवू नका. त्याचा हेतू सोन्यासारखा असला तरी बँकेच्या आणि आयकराच्या नजरेत ते त्याच्याच जमेला आलेले पैसे असतात, आणि महिन्याने कुणीतरी 'किती जमले रे' विचारतंच. वहिनींच्या स्वतःच्या, एकटीच्या नावाच्या खात्यात प्रत्येकाने थेट भरावेत. मित्राबरोबरच्या जोड खात्यात नको, मृत्यूची नोंद लागेपर्यंत ते अडकू शकतं. ग्रुपवर क्यूआर कोड टाकू नका, तो फिरत फिरत कुठेही जातो. ज्याला द्यायचेत त्याला चौघांपैकी एकाने वैयक्तिक पाठवावा. आणि कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर कधीही लावू नका. दोनशे देणारा तुमच्या पुढच्या गेट-टुगेदरला येणार नाही.

आता जे बहुतेकांना ठाऊक नसतं. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरची नव्हे, आख्खी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. वर्गमित्र कायद्याने नातेवाईक नाहीत. ६१ जणांनी हजार-हजार दिले की ६१,००० झालेच. घाबरायचं कारण नाही, वहिनींचं बाकी उत्पन्न कमी असेल तर कर शून्यही येईल, पण विवरणपत्रात दाखवायला हवं. रक्कम मोठी असेल तर काही काकूंच्या खात्यात, काही ३१ मार्चनंतर, असं सीएला विचारून विभागा. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिच्या नावावर दिल्याने फरक पडत नाही, अल्पवयीन मुलांचं असं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जातं.

बाहेरच्या लोकांकडून, म्हणजे डबा फिरवून, आवाहन छापून धर्मादाय कामासाठी पैसे जमवणार असाल तर धर्मादाय आयुक्तालयाची कलम ४१ सी खालची परवानगी लागते, गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. वर्गमित्रांनी परस्पर घरच्यांना दिलं तर तो मामला नाही.

पण खरं सांगू का, मित्रांनी हजार-हजार जमवण्यापेक्षा मोठी रक्कम बऱ्याचदा घरातच पडून असते. चौघांपैकी ज्याला कागदपत्रांची सवय आहे त्याने दोन शनिवार द्यावेत.

मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथल्या पालिकेचा. माणूस ठाण्याचा, पण मुलुंडच्या किंवा परळच्या रुग्णालयात गेला असेल तर दाखला मुंबई महापालिकेकडून. ठाणे पालिकेत खेपा घालू नका. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवून घ्या, दुरुस्ती नंतर फार रेंगाळते. दहा प्रती काढा.

त्याची पासबुकं किंवा स्टेटमेंट घेऊन मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे, दोन लाखांचा विमा. घरच्यांना माहीतच नसतं, कारण बँकेत खातं उघडताना सही झालेली असते. शेजारी २० रुपयांची नोंद असेल तर तो अपघात विमा, तो अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वालाच लागू.

नोकरीत असताना गेला आणि पीएफ कापला जात होता, तर तीन वेगळे हक्क आहेत: पीएफची रक्कम, पत्नीला पेन्शन आणि ईडीएलआय, म्हणजे पीएफला जोडलेला विमा, जो जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळतो. त्यांचे फॉर्म अनुक्रमे २०, १०-डी आणि ५-आयएफ. कंपनीचा एचआर अनेकदा पहिलाच भरून देतो आणि फाइल मिटवतो. तिन्हींची नावं घेऊन विचारा. ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा गट विमा हे आणखी वेगळे.

एक धोक्याची सूचना. 'पिन माहीत आहे ना, मग एटीएममधून काढून घ्या' असा सल्ला मित्रच देतात. देऊ नका. मृत्यूनंतर त्या खात्यातून पिन किंवा ओटीपी वापरून पैसे काढणं नॉमिनीलाही चालत नाही, आणि दुसरा वारस उभा राहिला तर वहिनी अडचणीत. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त, मालकी वारसांचीच. आईसुद्धा वारस आहे, हे विसरू नका.

ऐरोलीकर
+१. यात सिमकार्डाचं जोडा. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही की बंद होऊ शकतो आणि पुढे कुणा दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सअ‍ॅप खातं १२० दिवस न वापरता राहिलं की पुसलं जातं. मग एक दिवस मित्राच्या नावापुढे अनोळखी माणसाचा डीपी दिसतो. तेव्हा नंबर चालू असतानाच घरच्यांना विचारून त्याचे व्हॉइस मेसेज, फोटो, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. आपापल्या फोनमधलेही. बँक-विम्याची कामं संपेपर्यंत तो नंबर किमान रिचार्जवर जिवंत ठेवायला सांगा, जुन्या पॉलिस्यांचे एसएमएस त्यावरच येतात.

फेसबुक प्रोफाइल स्मृतिखातं करता येतं, मृत्यूचा दाखला किंवा निधनाची छापील बातमी जोडून विनंती करायची. त्याने 'आज अमुकचा वाढदिवस' अशा सूचना जाणं थांबतं.

खडूफळा
बक्षिसाबद्दल. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, घाई करू नका.

रक्कम मुख्याध्यापकांकडे नव्हे, शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे जाते. संस्था ती मुदत ठेवीत ठेवते आणि व्याजातून बक्षीस देते. साडेसहा टक्के धरले तर २५,००० वर वर्षाला १,६२५ रुपये. ५०,००० वर ३,२५०. पन्नासच्या खाली जाऊ नये असं माझं मत. जुन्या काळी ५,००० ठेवून सुरू केलेल्या बक्षिसांत आज सव्वातीनशे रुपये निघतात, त्यात बरं पुस्तकही येत नाही, आणि मग शाळा चार बक्षिसं एकत्र करून एकच देते. नावं फक्त फलकावर राहतात.

पत्रात 'कायम निधी' हा शब्द हवा, नाहीतर ती साधी देणगी धरून त्या वर्षीच्या रंगकामात खर्च होऊ शकते. कायद्याने ते चूकही नसतं.

अट कशी लिहिता यावर सगळं आहे. 'दहावीत गणितात प्रथम' असं लिहू नका. निकाल लागतो तेव्हा मूल शाळा सोडून गेलेलं असतं आणि बक्षीस समारंभ डिसेंबर-जानेवारीच्या स्नेहसंमेलनात. विजेत्याला बोलवावं लागतं, तो येतोच असं नाही. नववीच्या वार्षिक परीक्षेवर ठेवा, दहावीत असताना तो व्यासपीठावर असतो. बरोबरीचे गुण पडले तर रक्कम विभागायची की कोणत्या विषयाचे गुण बघायचे, हे लिहून द्या. आणि 'मराठी माध्यमातील' अशी अट घालणार असाल तर पुढची ओळही घाला: ते वर्ग बंद झाले तर बक्षीस संस्थेच्या कोणत्या शाखेला, कशासाठी. ठाण्यात मराठी तुकड्या कशा कमी होत चालल्यात ते तुम्ही बघताच आहात.

गुणांखेरीज काहीतरी सुचवेन. तो ज्यात रमायचा त्यासाठी ठेवा, चित्रकला, खो-खो, प्रयोगशाळेतली मदत. पहिला नंबर काढणाऱ्याला बारा बक्षिसं असतात, तेरावं त्याच्या लक्षात राहत नाही.

देणगीवर करसवलत हवी असेल, ज्याला लोक ८०जी म्हणतात, तर संस्थेकडे ती मान्यता आहे का बघा. प्रत्येकाने संस्थेच्या खात्यात थेट भरावेत आणि पॅन द्यावा. एकाने गोळा करून एक चेक दिला तर पावती एकाच्याच नावे निघते. २,००० च्या वर रोख दिल्यास सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही.

परदेशातले आठ जण: भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या इथल्या एनआरई-एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून दिलं तर चालतं. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, त्यांचा पैसा परकीय देणगी ठरतो आणि संस्थेकडे परकीय देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी नसेल तर घेता येत नाही. त्यांना पुस्तिकेचा खर्च उचलायला सांगा, तो इथल्या मित्राला परस्पर देतील ते सोपं.

कोपरीकर
सगळ्यांचे आभार. काल वहिनींकडे जाऊन आलो. सभेला हो म्हणाल्या, पैसे नको म्हणाल्या, पीएफचे कागद बघायला मात्र दिले. ४३६ ची नोंद सापडली. पुस्तिका आणि छोटी सभा करतोय, बक्षीस पुढच्या वर्षावर.

मेसेजचा मसुदा: 'आपला वर्गमित्र (नाव) याच्या आठवणीसाठी १९९४ च्या दहावीचे विद्यार्थी रविवारी सायं. ६ वाजता घंटाळी येथे जमत आहोत. त्याचे कुटुंबीय उपस्थित राहतील. हार-फुले आणू नयेत. सोबत शाळेतला एखादा फोटो किंवा वही असल्यास आणावी, स्कॅन करून त्याच वेळी परत दिली जाईल. संपर्क: एकच नंबर.' पुस्तिकेच्या पहिल्या पानावर फोटोखाली जन्मतारीख टाकतोय, ती शाळेतून मिळवली.

प्रूफवाचक
मसुदा छान. 'सायं.' ऐवजी 'संध्याकाळी' लिहा, आणि 'घंटाळी येथे' पुरेसं नाही, हॉलचं नाव आणि मजला टाका. त्याच वेळी स्कॅन करायला एक माणूस दारापाशी टेबल घेऊन बसवा, वहीच्या मागे पेन्सिलीने नाव लिहून घ्यायला विसरू नका.

जन्मतारीख छापण्याआधी काकूंना विचारा. शाळेच्या रजिस्टरवरची असेल आणि त्यात १ जून असेल तर नक्कीच विचारा. प्रवेशासाठी मास्तरांनी घातलेली ती तारीख असते. घरी त्याचा वाढदिवस भलत्याच महिन्यात होत आला असेल.

कोपरीकर
१ जूनच आहे. फोन करतो.